तीन हजार चारशे बारा चालक

सार्वजनिक उद्यानाच्या मधोमध मोटारींच्या शर्यतीचा एक मार्ग असून त्यावर गेली एकवीस वर्षे एकही मोटार धावलेली नाही, ही गंभीर बाब उद्यान विभागाच्या निदर्शनास आली ती कपाट डुगडुगू लागलं तेव्हा. कपाटाच्या चौथ्या पायाखाली एक फाइल होती. ती पार झिजली म्हणून बाहेर ओढली, तर तिच्यावर लाल शाईत लिहिलेलं: 'शर्यतमार्गाचा पुनर्विकास. अत्यंत तातडीचे.' अधीक्षकसाहेबांनी कपाटाखाली दुसरी फाइल सरकवली, ही टेबलावर घेतली आणि त्याच दिवशी कामाला लागले.

पुनर्विकास करायचा तर आधी पाहणी हवी. जागेचा सध्या वापर कोण करतं आणि किती जण करतात, याचा तक्ता करायचं काम आलं मसुदेबुवांकडे. मसुदेबुवा म्हणजे विभागाचे वरिष्ठ लिपिक. खरं नाव सेवापुस्तकात असेल; ऑफिसात ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि हल्ली बुवांनाही चटकन आठवत नसे. विभागातून बाहेर पडणारा प्रत्येक मसुदा त्यांच्या हातचा. साधा शब्द दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. 'झाड तोडलं' असं त्यांनी जन्मात लिहिलं नाही. 'वृक्षाचे निष्कासन करण्यात आले' असं लिहायचे, आणि त्यामुळे झाडालाही जरा बरं वाटत असेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आता वस्तुस्थिती अशी, की त्या मार्गावर माणसं चालायची. उद्यानातल्या बाकी वाटा खडीच्या आणि चढउताराच्या. शर्यतीचा मार्ग तेवढा सपाट, रुंद, डांबरी. गावातले निम्मे गुडघे तिथे सकाळ-संध्याकाळ हजेरी लावायचे. बुवांची बायकोही त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, 'रोज सपाट जागी एक फेरी. खंड पडला तर पाय पुन्हा धरेल.' ती काठी घेऊन निघायची आणि एक फेरी सव्वा तासात पुरी करायची. त्या सव्वा तासात तिला कोणी हात दिलेला खपत नसे.

तक्त्याला मथळा हवा होता. 'चालणारे' हा शब्द बुवांना स्वयंपाकघरातला वाटला. 'पादचारी' म्हणावं तर तो शब्द रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी राखून ठेवल्याचं वाहतूक विभागाचं जुनं पत्र होतं. मग बुवांनी व्याकरण लावलं. गाणारा तो गायक, वाचणारा तो वाचक, तेव्हा चालणारा तो चालक. क्षणभर शंका आली, नाही असं नाही. पण तिचंही उत्तर तयार होतं: वाहन चालवणाऱ्याला आपण वाहनचालक म्हणतो, त्यातलं वाहन काढून घेतलं, की बिचारा पायीच जाणार ना? बुवा स्वतःवर बेहद्द खूश झाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर खूश व्हायला दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं, म्हणून ते काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

मोजणीच्या दिवशी बुवा फाटकाशी खुर्ची टाकून बसले. बायको समोरून आली आणि काठी टेकून थांबली.

"अहो, मला मोजलंत का?"

"मोजलं. तू चालक क्रमांक दोनशे सात."

"चालक? अहो, मला साधी सायकल येत नाही."

बुवांनी तिला गायक-वाचक समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं व्याकरण तुम्हाला लखलाभ," ती म्हणाली. "माझी चालायची जागा तेवढी ठेवा म्हणजे मिळवलं." आणि ती पुढे गेली.

तक्ता सल्लागारांकडे गेला. सल्लागार म्हणजे ज्यांना जागा बघावी लागत नाही अशी माणसं. पंधरा दिवसांनी बैठक भरली आणि सल्लागार उभे राहिले ते अक्षरशः डोळे पुसत.

"साहेब, मी वीस वर्षं या क्षेत्रात आहे, पण असं कुठे पाहिलं नाही. रोज तीन हजार चारशे बारा चालक! आणि अपघात शून्य. धूर शून्य. आवाजाची एक तक्रार नाही. शिवाय सरासरी वय त्रेसष्ट!"

"त्रेसष्ट?" अधीक्षकसाहेब पुढे वाकले.

"अनुभव बोलतो, साहेब. एवढे शिस्तीचे चालक असताना मार्गाची ही दशा? लाज वाटली पाहिजे आपल्याला!"

सगळ्यांना लाज वाटली. ठराव एकमतानं मंजूर झाला.

बुवांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला. आपण काय करून बसलो ते त्यांना त्याच क्षणी, बिस्किटाचा तुकडा हातात असतानाच कळलं. उठून एक वाक्य बोलले असते तरी काम भागलं असतं. पण तेवढ्यात साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तक्ता उत्तम हो, बुवा! भाषा कशी ठसठशीत!" आता एकतीस वर्षांनी भाषेचं कौतुक झालेला माणूस त्याच मिनिटाला 'माझा शब्द चुकला' म्हणेल का? तुम्ही म्हटलं असतं? बुवांनी बिस्कीट खाल्लं. नंतर शुद्धिपत्रक काढू, असं त्यांनी ठरवलं. पण शुद्धिपत्रकाच्या नमुन्यात पहिलाच रकाना होता 'चूक करणाऱ्याचे नाव', आणि तो नमुना बुवांनीच दहा वर्षांपूर्वी बनवला होता. दुसऱ्यांसाठी बनवला होता, ही गोष्ट वेगळी.

पुढे सगळं रीतीनं होत गेलं. मार्गाला दुभाजक बसले, वळणांवर टायरांच्या भिंती उठल्या, सात हजार माणसांची गॅलरी झाली. आणि नियमावली झाली. मसुदा अर्थात बुवांचाच. कलम चार लिहिताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं, पण साहेब खुर्चीमागे उभे होते: 'चालकांच्या सुरक्षिततेस्तव पादचाऱ्यांस मार्गावर सक्त मनाई आहे.'

सोमवारी रखवालदारानं बुवांच्या बायकोला फाटकावर अडवलं. ती घरी आली, खुर्चीत बसली आणि काही बोलली नाही. बायको बोलते तेव्हा काय करायचं हे बुवांना माहीत होतं. गप्प बसते तेव्हा काय करायचं ते लग्नाला चौतीस वर्षं होऊनही सापडलं नव्हतं. ती घरातल्या घरात फेऱ्या मारायची, पण पलंगापासून मोरीपर्यंत बारा पावलं आणि मध्ये दोन उंबरे. तिसऱ्या आठवड्यात तिची डावी चप्पल फरशीवर घासत असल्याचा आवाज येऊ लागला. बुवा पेपर तोंडासमोर धरून तो आवाज ऐकत बसत. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. शेवटी एका सकाळी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. गायक, वाचक, बिस्कीट, पाठीवरची थाप, सगळं.

बायकोनं कपाळावर हात मारला. मग हात तसाच ठेवून विचारलं, "म्हणजे कागदावर मी अजून चालक आहे?"

"आहेस. दोनशे सात."

"आणि चालकाला आत सोडतात?"

"परवाना, हेल्मेट आणि छातीवर क्रमांक असेल तर सोडतात."

"गाडी?"

बुवांनी नियमावली उघडली, पुन्हा पुन्हा वाचली. गाडीबद्दल अवाक्षर नव्हतं. ती असणारच, म्हणून लिहायची राहिली होती.

"मग आणा हेल्मेट," बायको म्हणाली.

परवान्याच्या परीक्षेला ती एकटी गेली. परीक्षक म्हणाले, "ब्रेक लावून दाखवा." ती जागच्या जागी थांबली. परीक्षकांनी लिहिलं, 'ब्रेक उत्तम.' उजवीकडे वळताना इशारा करायला सांगितला, तर तिनं काठी उजवीकडे केली. हाही शेरा चांगला पडला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर हेल्मेट, छातीवर दोनशे सात आणि हातात काठी अशा थाटात ती फाटकातून आत शिरली, आणि रखवालदारानं सलाम ठोकला.

मग काय! बातमी गुडघ्या-गुडघ्यांतून पसरली. महिन्याभरात तीन हजार चारशे बाराच्या बारा चालक परवाने काढून परत मार्गावर. निवृत्त शिक्षिका, दम्याचे कारकून, नुकतीच बाळंतीण झालेली शेजारीण, सगळे हेल्मेट घालून आणि क्रमांक लावून संथपणे चाललेले. मोटार एकही नाही. वेगाच्या कॅमेऱ्यानं बुवांच्या बायकोचा वेग टिपला, ताशी सव्वा किलोमीटर, आणि किमान वेग ऐंशी असताना हा विलंब का, अशी नोटीस घरी आली. तिनं खुलाशाच्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'डाव्या चाकात बिघाड आहे. दुरुस्ती रोज सुरू आहे.' खुलासा मान्य झाला. वर शेरा होता, 'काळजी घ्यावी.' ते वाक्य वाचून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि बुवांच्याही आलं, पण त्यांचं हसून आलेलं नव्हतं.

बुवांचं मन मात्र त्यांना खातच होतं. एक बाईमाणूस हेल्मेटखाली घामाघूम होतं ते आपल्या एका शब्दापायी. निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा त्यांनी मनाचा हिय्या केला. शुद्धिपत्रकाचा कोरा नमुना घेतला, पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं (सेवापुस्तक उघडून खात्री करून घेतली) आणि पुढे आयुष्यातलं सर्वांत साधं वाक्य लिहिलं: "'चालक' या शब्दाऐवजी 'चालणारी माणसे' असे वाचावे."

अधीक्षकसाहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "बुवा, मला हे पहिल्या बैठकीपासून ठाऊक आहे. मीही संध्याकाळी चालतो तिथे."

"मग साहेब, बोलला का नाहीत?"

"ठराव एकमतानं मंजूर झाला होता हो." साहेबांनी सुस्कारा सोडला. "असो. रीतीप्रमाणे हरकती मागवू. तीस दिवस."

मूळ प्रकल्पाच्या वेळीही हरकती मागवल्या होत्या. तेव्हा एकही आली नव्हती. ती सूचना पेपरात बारीक अक्षरांत छापली होती आणि त्या पानावर लोकांनी भाजी निवडली होती. या खेपेला मात्र तीन हजार चारशे बारा हरकती आल्या. सगळ्या शुद्धिपत्रकाच्या विरोधात. कोणी दारावर 'अधिकृत चालक' अशी पाटी लावली होती. कोणाच्या मुलीचं लग्न ठरताना मुलाकडच्यांना ते फार आवडलं होतं. एका दम्याच्या आजोबांनी लिहिलं होतं की आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सलाम ठोकतंय, तो काढून घेऊ नये. सर्वांत वरची हरकत ओळखीच्या अक्षरातली होती.

बुवा ती घेऊन घरी आले. "तूसुद्धा? माझ्याविरुद्ध सही?"

"तुमच्याविरुद्ध कसली? तुमच्या चुकीच्या बाजूनं केली," बायको म्हणाली. ती हेल्मेटची काच पुसत होती. "चालक रद्द झाला की आम्ही कोण? पादचारी. पादचाऱ्यांना मनाई, कलम चार. ते तुम्हीच लिहिलंय. आता तुमचा शब्द सुधारून माझा पाय घालवू का?"

"पण चूक ती चूकच ना गं."

"असू दे की. तिच्यात मला चालता येतंय."

शुद्धिपत्रक फेटाळलं गेलं. बुवा निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी परवान्याच्या रांगेत उभे राहिले, कारण बायकोबरोबर चालायचं तर दुसरा इलाज नव्हता. आता सकाळी दोघं हेल्मेट घालून शेजारी शेजारी चालतात, आणि येणारे-जाणारे त्यांना हसतात.

तुम्हीही हसा, हसायला काही हरकत नाही. फक्त हसून झालं, की आपल्या कपाटातला शाळा सोडल्याचा दाखला काढून जन्मतारीख बघा. मास्तरांनी शाळेत नाव घालताना अंदाजानं ठोकून दिलेली तीच ना? खरी तारीख आईला ठाऊक होती. पण ऑफिसात केक कापतात तो कागदावरच्या तारखेला, आणि तुम्ही मेणबत्ती विझवून सगळ्यांचे आभार मानता.