बाल्कनीसकट हशा

घैसासांच्या घरी शनिवारी जो केक आला तो हसणारा होता, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. हसणाराच सांगितलेला होता. तक्रार होती ती तो उत्सवमूर्तीच्या बोलण्याला हसला नाही, याबद्दल.

केकची सगळी कल्पना शैला घैसासची. तिचे यजमान विद्याधरराव साठ पूर्ण करत होते आणि त्यांची आवडती विनोदी मालिका होती 'चावी कुणाकडे?'. त्या मालिकेत एक कुटुंब दर भागात स्वतःच्याच घराबाहेर अडकतं आणि अर्धा तास जिन्यावर बसून भांडतं. चावी शेवटी घरातच सापडते. शैला सांगलीतल्या 'चौगुले केक्स'मध्ये जाऊन बसली आणि तिने एकेक गोष्ट नीट समजावून सांगितली. तीन पायऱ्यांचा जिना. वर कुलूप लावलेलं दार. दारापुढे दुधाची पिशवी. पायऱ्यांवर साखरेच्या चपला, आणि त्यातली एक उलटी, कारण मालिकेतल्या सासऱ्यांची चप्पल कायम उलटीच पडलेली असायची.

"ते सगळं हुईल," सदाशिव चौगुले म्हणाले. दुकान त्यांचं, आणि केकच्या बाबतीत शेवटचा शब्दही त्यांचाच. "आत हशा कुठला भरायचा, ते बोला. घरगुती हाय, हॉलचा हाय, नाट्यगृहाचा हाय."

"त्यात फरक काय?"

"घरगुती कशालाबी हसतोय. हॉलचा शेजारी बघतोय, शेजारचा हसला की मग हसतोय. नाट्यगृहाचा सवताच्या अकलेनं हसतोय. पण एका विनोदाला एकदाच. शिळ्याला हसत न्हाई. आधीच सांगतोय, मागनं तक्रार नको."

"मालिकेत कुठला होता?"

"नाट्यगृहाचा. बाल्कनीसकट."

"मग तोच भरा," शैला म्हणाली.

विद्याधररावांसाठी दुसरा कुठला भरणार? सांगलीत विनोदी माणूस म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. बँकेत होते तेव्हा लोक काऊंटरवर त्यांचा शेरा ऐकायला थांबायचे. लग्नात, मुंजीत, निरोपसमारंभात 'घैसास, दोन शब्द' व्हायचंच. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, नाट्यगृहात त्यांचा जाहीर सत्कार होता आणि हास्यमित्र मंडळ त्यांना 'विनोदरत्न' पदवी देणार होतं.

आता विद्याधररावांना विनोद सुचायचे कसे, ते सांगायला हवं. शैला ओट्यापाशी काम करता करता काहीतरी बोलायची. बाहेरच्या खोलीतून विद्याधरराव विचारायचे, "काय म्हणालीस?" ती पुन्हा सांगायची. ते "हं" म्हणायचे. संध्याकाळी तेच वाक्य चारचौघांत त्यांच्या तोंडून निघायचं आणि माणसं पोट धरून हसायची. लग्नानंतरची कितीतरी वर्षं शैला समजत होती की यांना ऐकायला कमी येतं. तिने त्यांचे कान तपासून घेतले. कान उत्तम निघाले. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिला गंमत वाटली, मग सवय झाली, आणि त्या सवयीखाली राग साठत गेला. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तेही कुठल्या तरी समारंभात वापरलं गेलं असतं.

केक शनिवारी सकाळीच आला आणि फ्रिजमध्ये गेला. शैला वड्यांची तयारी करत होती. मदतीला विद्याधररावांची धाकटी बहीण कुंदा आली होती. लसूण सोलता सोलता कुंदाने शेजारच्या लिमयांच्या मुलीचं लग्न कसं झालं ते विचारलं.

"छान झालं," शैला म्हणाली. "मुलाकडचे फार साधे हो. आम्हाला काही नको म्हणाले. ते 'काही नको' न्यायला दोन टेम्पो आले होते."

फ्रिजमधून हशा आला. दार बंद असल्यामुळे जरा दबका, पण भरघोस. पुढच्या रांगा आधी हसल्या, मग मागच्या, आणि बाल्कनीत कोणीतरी एकटाच उशिरापर्यंत हसत राहिला. शैलाच्या हातातला बटाटा हातातच राहिला. तिच्या बोलण्याला तिच्या देखत इतकी माणसं कधी हसली नव्हती. तिला एकदम रडू आल्यासारखं झालं. कांदा चिरून केव्हाच झाला होता, त्यामुळे तेही कारण सांगता येईना.

"केक चांगला निघालाय," कुंदा म्हणाली.

"काय म्हणालीस?" बाहेरून विद्याधररावांनी विचारलं.

शैलाने पुन्हा सांगितलं. या खेपेला फ्रिज गप्प होता.

तासाभराने कुंदा म्हणाली, "दादा हल्ली रोज चालायला जातो म्हणे?"

"जातात की. दोन महिने झाले. यांचं वजन होतं तेवढंच आहे, पण कोपऱ्यावरच्या वडेवाल्याने दुसरं दुकान घेतलं."

फ्रिज इतका हसला की आतली ताकाची बरणी खणखणली. पुन्हा बाहेरून विचारणा झाली, शैलाने पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा फ्रिजने ते ऐकून घेतलं, एवढंच.

संध्याकाळी पंचवीसेक माणसं जमली. टेबलावर केक ठेवला. सगळ्यांनी जिना पाहिला, कुलूप पाहिलं, उलटी चप्पल पाहिली. विद्याधरराव म्हणाले, "कल्पना माझीच." शैला वड्यांचं ताट घेऊन उभी होती. ताट तिने जरा जोरात ठेवलं.

केक हसतो हे कळल्यावर पाहुणे सावध झाले होते. समोर जाणकार बसला असताना आपण आधी कशाला हसा, असा सगळ्यांचा विचार दिसला. विद्याधररावांनी घसा साफ करून लिमयांच्या टेम्पोंचं सांगितलं. पाहुण्यांनी केककडे पाहिलं. केक हसला नाही. त्यांनी वडेवाल्याचं सांगितलं, स्वतःवर घेऊन सांगितलं, पोटावर हात फिरवून सांगितलं. केकच्या आतून कोणीतरी खोकलं. एक खुर्ची करकरली.

विद्याधररावांचा चेहरा लाल झाला. "माल सदोष आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे चौगुल्यांना फोन लावला. शुद्ध फसवणूक, माझ्याच घरात माझाच अपमान, ताबडतोब या, असं बरंच काही बोलले.

चौगुले स्कूटरवरून आले तेही तापूनच. माझ्या हशाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही, असं ते दारातच म्हणाले. मग टेबलापाशी वाकले, केकच्या दाराला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"मंडळी जागी हायत," ते उठून म्हणाले. "पार वरपर्यंत. तुम्ही सांगितलं काय ह्यास्नी?"

विद्याधररावांनी दोन्ही विनोद पुन्हा सांगितले.

"हे ह्यास्नी आधी कुणी ऐकवलं हुतं?"

"कोणी ऐकवणार? माझे स्वतःचे आहेत."

"साहेब, आमचा हशा खोटं हसत न्हाई, आणि खोटं गप्पबी बसत न्हाई. हे ह्यांनी ऐकलेलं हाय. कुणाकडनं, तेवढं बोला."

"सकाळी वहिनी बोलल्या की," कुंदा म्हणाली. तिच्या तोंडात वडा होता आणि मनात काही नव्हतं. "केवढा हसला होता तेव्हा. दोन्ही वेळा."

चौगुल्यांनी शैलाकडे पाहून मान लववली, नाट्यगृहात कलावंताला पाहून लववतात तशी. विद्याधररावांनी ते पाहिलं आणि ते उसळले.

"घरातलं बोलणं घरातलंच असतं. नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं आलंय? इतक्या वर्षांच्या संसारात ही वाटणी कोणी केली?"

शैलाच्या कानशिलांपर्यंत राग चढला. वाटणी केली नव्हती हे खरंच होतं. तिच्या वाट्याला काही आलंच नव्हतं.

"तुझं-माझं नसेल तर ठीक आहे," ती म्हणाली. "आजपासून तुमची बीपीची गोळी मी घेते. बरं वाटलं की सांगा."

केक फुटायचाच बाकी होता. हशा पायऱ्यांवरून वर गेला, दार हाललं, दुधाची पिशवी आडवी झाली आणि उलटी चप्पल घरंगळत टेबलावर आली. बाल्कनीतल्या त्या एकट्याने शिट्टी वाजवली. विद्याधररावांच्या तोंडावर 'काय म्हणालीस' आलं होतं. चौगुले समोर उभे होते म्हणून त्यांनी ते गिळलं.

"माल चोख हाय," चौगुले म्हणाले. "कापताना एक ध्यानात ठेवा. कापला की हशाबी वाटला जातोय. ज्याच्या पोटात गेला, त्याचा. दोन दिस टिकतोय." एवढं सांगून ते वडा न खाता गेले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

केक कापला गेला. पाहुण्यांनी मुकाट्याने आपापला तुकडा खाल्ला. दार आणि कुलूप उत्सवमूर्तीचं, म्हणून सगळ्यात मोठा तुकडा विद्याधररावांनी खाल्ला, आणि तो त्यांनी केकवरचा सूड असल्यासारखा खाल्ला.

त्यानंतर शैला बोललीच नाही. ती रुसली नव्हती. रविवारी सकाळी चहा दिला, नाश्ता दिला, धोब्याला कपडे दिले, फक्त तोंड उघडलं नाही. विद्याधररावांपुढे संध्याकाळचं भाषण होतं आणि त्यात घालायला नवं काही नव्हतं. ते सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होते. शैलाने भाजी फोडणीला टाकली.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

ती काहीच म्हणाली नव्हती. थोड्या वेळाने तिने नळ बंद केला, तेव्हाही त्यांनी विचारलं.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. शनिवारचे पाहुणे झाडून सगळे आले होते आणि आपापल्या जागी जरा अवघडून बसले होते. शैला आणि कुंदा तिसऱ्या रांगेत बसल्या. विद्याधररावांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना माईकपाशी उभं केलं आणि लोकांना सांगितलं की घैसाससाहेबांचा प्रत्येक विनोद अस्सल आहे, स्वतःचा आहे, त्यात उसनं काही नाही.

शैलाने कालपासून तोंड मिटून ठेवलं होतं. हे ऐकल्यावर तिला ते मिटून ठेवता येईना. ती कुंदाच्या कानाशी वाकली आणि हळूच काहीतरी म्हणाली.

हशा आला. चौथ्या रांगेतून आला, सातव्या रांगेतून आला, लिमयांच्या खुर्चीतून आला. ज्यांच्यातून आला त्यांची तोंडं बंद होती आणि ती माणसं आपल्याच पोटाकडे बघत होती. पण सगळ्यात मोठा हशा व्यासपीठावरून आला, कारण सगळ्यात मोठा तुकडा तिथे होता आणि समोर माईक होता. विद्याधररावांनी शालीवरून पोट दाबून धरलं. पोट आवरेना. बाल्कनीतल्या त्या एकट्याची शिट्टीही तिथूनच आली.

हशा ओसरला. अध्यक्ष थांबले होते, सभागृह थांबलं होतं. विद्याधरराव माईकपाशी वाकले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हणालीस?"

माना वळल्या. ते कोणाला विचारत आहेत हे शनिवारच्या पाहुण्यांना ठाऊक होतं आणि बाकीच्यांनी त्यांच्या नजरेमागून नजर नेली. शैला उठून उभी राहिली. तिने पदर सारखा केला. माईक तिच्याकडे नव्हता, त्यामुळे तिने बाल्कनीकडे तोंड करून सांगितलं.

"म्हटलं, तो नारळ घरी आला की मी फोडणार, मी खवणार, मी वड्या थापणार, आणि पुढच्या वर्षी वड्यांबद्दल यांचा सत्कार होणार."

पोटं गप्प होती. त्यांनी ते ऐकलेलं होतं. मग सभागृह हसलं, बाल्कनीसकट.