शिक्का नसलेला जीबी

रामदासभाऊ वानखडे दुधवाल्याच्या मापावर विश्वास ठेवत नाहीत. दूध आलं की ते घरातलं पितळी माप आणतात, त्यात दूध ओतून घेतात, फेस बसेपर्यंत थांबतात आणि मगच ते पातेल्यात जाऊ देतात. तोवर दुधवाला दारात ताटकळत उभा. संग्रामपुरात त्यांनी आजवर तीन दुधवाले बदलले. तिघांचंही माप बरोबर होतं. मी भिंतीपलीकडचा शेजारी आहे, डोळ्यांनी पाहिलं आहे.

तीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेला माणूस. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, ही नोकरी. निवृत्त होताना शिक्का खात्यात जमा केला. संशय जमा करायचा राहिला.

त्यांच्या घरी ब्रॉडबँड आलं त्या दिवशी मी तिथेच होतो. केबलवाले सलीमभाई समजावून सांगत होते, महिन्याला तीनशे जीबी, ते संपले की वेग कमी.

"तीनशे कोण मोजते?"

"कंपनीची मशीन मोजते, भाऊ."

"मशीनले शिक्का कोठी हाय?"

सलीमभाई माझ्याकडे पाहू लागले.

"विकणाराच मोजते, अन् विकणाराच सांगते का माल संपला. किराणावाल्यानं असं केलं असतं तं म्या काटा जप्त केला असता."

इथे थांबले असते तर मी त्यांना मानलं असतं, कारण मुद्दा बरोबर आहे. पण रामदासभाऊ बरोबर मुद्द्यावर कधी थांबत नाहीत. त्याच जोडणीवरून त्यांनी फुकटचे सिनेमे उतरवायला सुरुवात केली. ही चोरी आहे, असं मी स्पष्ट सांगितलं.

"कायची चोरी? पोत्यातून किलोभर तूर घेतली तं पोतं किलोनं कमी भरते. मी पिक्चर घेतला, त्याचं पोतं जेवढ्याचं तेवढंच."

मी म्हटलं, "मी शाळेत गणिताचा पेपर काढतो. परीक्षेआधी कोणी त्याची नक्कल उतरवली, तर माझ्या कपाटातला पेपरही जेवढ्याचा तेवढाच राहतो. मग ती चोरी नाही का?"

"तुमच्या पेपरले कोण हात लावते, मास्तर?"

असा हा वाद. बरं, एवढं करून उतरवलेला सिनेमा ते पाहतात का? पहिल्या पंधरा मिनिटांत खुर्चीत मान टाकतात. चोरीचा उपयोगही धड न करणारा माणूस.

तिसरा विषय पगाराचा. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा बंगळुरूला एका मोठ्या कंपनीत आहे. घरोघरी टीव्हीवर मालिका-सिनेमे पोचवणारी कंपनी, आणि हिचं काम पडद्यावर येणारा मजकूर तपासायचं. वडिलांचं वर्षाचं पेन्शन तिच्या दोन महिन्यांच्या पगारात बसतं, हा हिशेब मीच एकदा करून दाखवला. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. हे चहाच्या टपरीवर बसून म्हणाले, "पण त्या कामाले माप काय? निंदणारी बाई किती सऱ्या निंदते ते दिसते. शिंपी किती सदरे शिवते ते दिसते. ही दिवसभर बसते अन् फोनवर सांगते, बाबा, आज एक चूक सापडली. मी दिवसाले वीस सापडवत होतो. मले कोणी दिले एवढे पैसे?"

या हिवाळ्यात प्रज्ञाच्या कंपनीनं माणसं कमी करायला सुरुवात केली. तिच्या गटातल्या अकरा जणांतले सहा गेले. उरलेल्या पाचांचं मार्चअखेर ठरणार, आणि त्या पाचांत ती. ही बातमी रामदासभाऊंनी त्याच टपरीवर, पोहे खाता खाता सांगितली.

"काढलं तं काढलं. माप नसलेलं काम आज ना उद्या बंद होतेच."

पोटच्या मुलीबद्दल असं बोलणारा बाप मी दुसरा पाहिला नाही, आणि तसं तोंडावर सांगितलं.

"तुम्ही पाढे शिकवा," ते म्हणाले आणि वरून तर्री मागून घेतली.

त्यानंतर त्यांचं नेट महिनाभर पुरेना. अठरा तारखेलाच तीनशे जीबी संपायचे. रामदासभाऊंच्या मते याला एकच कारण, सलीमभाई माल मारतात. ग्राहक मंचाकडे देण्यासाठी त्यांनी तीन पानी तक्रार लिहिली आणि आकडे मांडून द्यायला मला बोलावलं. त्याआधी सलीमभाई मला रस्त्यात गाठून म्हणाले होते, "मास्तर, जे खरं असीन ते लिहा. पण बिनाकारण नाव खराब झालं तं लोकं कनेक्शन तोडतीन."

रविवारी अकराला मी वही घेऊन बसलो. अठरा दिवसांत नवरा-बायको दोघांचे फोन आणि उतरवलेले सिनेमे, सगळं सढळ हातानं धरून पंचावन्न जीबी. दोनशे पंचेचाळीस बेपत्ता.

"पाहा," रामदासभाऊ म्हणाले. "चोर हाय का नाही?"

तेवढ्यात शांताकाकू चहा घेऊन आल्या. "आतला टीव्ही धरला काय, मास्तर?"

"तो कायले धराचा?" भाऊ घाईनं म्हणाले.

मी उठून आत गेलो. टीव्ही चालू होता, आवाज बंद. कुठल्याशा मालिकेतली सासू तावातावानं तोंड हलवत होती. समोर कोणी नव्हतं.

"थंडीपासून असंच हाय," काकू म्हणाल्या. "आंघोळ झाली का लावते, संध्याकाळी जेवलं का बंद करते. पाह्यत कोणीच नाही. मले माही सिरियल लावू देत नाही. म्हणते, प्रज्ञाच्या कंपनीचंच चालू दे."

रामदासभाऊ दारात येऊन उभे होते. "त्याचे पैसे मी तिकडे येगळे भरले ना, मास्तर. सगळ्यात महागडा प्लॅन घेतला. तोललेला माल दुसऱ्या काट्यावर पुन्हा कसा तोलते?"

तीस वर्षांच्या नोकरीनंतर ही समज. तिकडे मालाचे पैसे आणि इकडे तो माल ज्या गाडीनं घरी येतो तिचं भाडं, हे डोक्यात शिरवायला मला पाव तास लागला. मग वहीत मांडलं. तासाला सव्वा जीबी, दिवसाचे अकरा तास, अठरा दिवस. दोनशे सत्तेचाळीस. दोनचा फरक माझ्या अंदाजातला. सलीमभाईंच्या बाजूला शून्य.

भाऊंनी आकडा दोनदा तपासला, तिन्ही पानं फाडली आणि म्हणाले, "उद्या सलीमच्या दुकानावर जातो. माफी मागा लागते."

"ते ठीक आहे," मी म्हटलं. "पण पाहायचं नाही, तर लावता कशाला?"

ते टीव्हीकडेच बघत राहिले. "पाहणारे कमी झाले म्हणून माणसं काढून राह्यले, असं प्रज्ञा बोलली. म्हटलं, आपल्या घरून तरी कमी पडू नये."

लाखो घरांत ही मालिका चालते. त्यात एका घरानं मुलीची नोकरी टिकत नाही, हे अपूर्णांकात मांडून दाखवायला मी पेन उघडलं होतं. तेवढ्यात सासूचं तोंड थांबलं. पडदा काळवंडला आणि मधोमध पाटी आली, 'तुम्ही अजून पाहत आहात का?'

रामदासभाऊ झपकन पुढे झाले. रिमोट हातात घेतला, पण लगेच दाबला नाही. मलाही नीट वाचू दिलं.

"आधी हे इंग्रजीत येत होतं. मराठीत तिनं लिवलं," ते म्हणाले. "फोन येते आठ दिवसातून एक डाव. तोही, मिटिंग हाय बाबा, ठेवते."

मी पेनाला टोपण लावलं.

"हे दिवसातून चार-पाच डाव इचारते," असं म्हणून त्यांनी 'हो' दाबलं.