अठरा पौंडांचा गुन्हा

रविवारची प्रार्थना झाली, मटणाचं जेवण झालं, तरी लॅकलन गिलिस खुर्चीतून उठेना. समोर भिंतीला मासेमारीची नवी काठी टेकवून ठेवली होती. पंधरा फुटी, दोन्ही हातांनी धरून दोरी फेकायची, खास सॅमन मासा धरायची. त्याच्या सत्तरीनिमित्त त्याची बायको एफी हिच्या भावाने, आर्चीने, ती आदल्याच दिवशी ग्लासगोहून आणली होती.

"दाजी, नुसती बघताय काय? फेकून दाखवा की," आर्ची म्हणाला.

"आज रविवार आहे."

"मग?"

स्वयंपाकघरातून एफीचा आवाज आला. "आर्ची, त्याला नादी लावू नकोस. रविवारी सॅमन धरणं हा गुन्हा आहे. पुलावरची पाटी कोणी रंगवली, विचार त्याला!"

पाटी लॅकलननेच रंगवली होती. गावच्या मासेमारी मंडळाचा तो बावीस वर्षं चिटणीस होता. गेल्या वर्षी सख्खा चुलतभाऊ नॉर्मन रविवारी नदीत उभा दिसला, तर लॅकलनने त्याच्याविरुद्धही तक्रार लिहिली. नॉर्मनला आठवडाभर नदीबंदी झाली आणि तेव्हापासून लॅकलन दिसला की तो रस्ता ओलांडून जाई.

एवढा सचोटीचा माणूस, पण यंदा नदी त्याच्यावर रुसली होती. मे महिन्यापासून सॅमन तर सोडाच, समुद्रातून वर येणारा साधा ट्राउटही त्याला मिळाला नव्हता. सप्टेंबर उजाडला. हंगाम संपायला चार आठवडे उरले. बेकरीत लोक "काय लॅकलन, बरं आहे ना?" असं विचारत, तेही आजारी माणसाला विचारावं तसं.

"गवतावर फेकायला काय हरकत आहे?" आर्ची म्हणाला. "गवतात कुठले मासे?"

हे लॅकलनला पटलं. दोघे परसात गेले. पण दोरी गवतावर ओल्या कपड्यासारखी पडू लागली.

"हिला पाणी लागतं," लॅकलन म्हणाला. "पाण्याने दोरी धरून ठेवली की मगच काठी वाकते."

"मग पाण्यात फेका. नदी काय परक्याची आहे?"

परसाचा उतार थेट नदीतच संपत होता. लॅकलनने वर चर्चच्या दिशेने पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. "गळ लावायचा नाही. गळ नाही तर मासेमारी नाही."

"बिलकुल नाही!"

दोरीचं टोक दिसावं म्हणून त्याने एफीच्या विणकामाच्या टोपलीतला लाल लोकरीचा झुपका टोकाला बांधला आणि पाण्याच्या कडेला उभा राहिला. पहिली फेक बरी पडली, दुसरी छान. तिसऱ्या फेकीला दोरी अशी अलगद उलगडत पलीकडच्या काठापर्यंत गेली, की सत्तर वर्षांचा माणूस स्वतःशीच हसला. तेवढ्यात पाणी फुगलं आणि दोरी ताठ झाली.

"दाजी, दगडाला अडकली."

"दगड पळत नाही, आर्ची."

"पण गळ नाही ना?"

"नाही."

"मग मासा लागला कशाला?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार!"

तो सॅमन पाण्याबाहेर अख्खा उसळला. चांदीच्या परातीसारखा चमकला आणि धाडकन आपटला. लोकर त्याच्या दातांत गुंतली होती. चार महिने लॅकलनने आमिष म्हणून रंगीबेरंगी पिसांच्या नकली माश्या नदीला अर्पण केल्या होत्या. त्या या पठ्ठ्याला आवडल्या नव्हत्या. आवडली ती एफीची लोकर, आणि तीही रविवारी.

काठीच्या रिळाची किरकिर ऐकून एफी धावत आली, ती कात्री घेऊनच. "काप! आत्ताच्या आत्ता काप!"

"कापतो की. पण दोरीसकट गेला तर बिचाऱ्याचे हाल होतील. थोडा जवळ येऊ दे."

"लॅकलन, तुला लाज नाही वाटत?"

"वाटते. पण हात मोकळे नाहीत."

मासा खाली ओढायचा, लॅकलन त्याच्यामागे काठाकाठाने जायचा. रविवारच्या कोटातच तो गुडघाभर पाण्यात उतरला. कात्री उगारून एफी त्याच्यामागे आणि तिला अडवत आर्ची तिच्यामागे. अशी वरात शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत पोचली, तेव्हा पायवाटेवरून पाद्री मकास्किल येताना दिसले. ते एका आजारी म्हातारीच्या भेटीला निघाले होते.

एफी चटकन नवऱ्यासमोर उभी राहिली. पण पंधरा फुटी काठी पाच फुटी बायकोमागे कशी लपणार?

"नमस्कार, पाद्रीसाहेब," एफी म्हणाली. "हवा छान पडलीय."

"छानच आहे," पाद्री म्हणाले. त्यांची नजर काठीच्या टोकाला खिळली होती. "लॅकलन, हे काय चाललंय?"

"मी धरलेला नाही, पाद्रीसाहेब! यानंच मला धरलंय. गळसुद्धा नाही. लोकर आहे, लोकर!"

पाद्रींनी बराच वेळ विचार केला. "म्हणजे त्याच्या मनात आलं तर तो सोडू शकतो?"

"केव्हाही!"

"मग त्याला समजावणं आपलं काम आहे," पाद्री म्हणाले आणि खाली उतरून काठावर येऊन उभे राहिले. "काठी जरा उंच धरा."

पंचवीस मिनिटं समजावणी चालली. अखेर दमलेला सॅमन उथळ पाण्यात, लॅकलनच्या बुटापाशी आला. चौघेही वाकले. माशाने तोंड उघडलं, लोकर थुंकली, शेपटीने पाद्रींच्या पाटलोणीवर पाणी उडवलं आणि तो निघून गेला.

एफीच्या हातातली कात्री हळूच खाली गेली. "केवढा होता रे," ती पुटपुटली.

सोमवारी लॅकलनला जेवण गोड लागेना. "नॉर्मनला मी सोडलं नाही," तो एफीला म्हणाला. "मग स्वतःला कसा सोडू?" आणि मंगळवारी संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत उभं राहून त्याने स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच वाचून दाखवली.

अध्यक्ष हेक्टर खाटकाने विचारलं, "गळ नव्हता?"

"नव्हता."

"लोकरीला सॅमन लागला?"

"हो. अठरा पौंड वजनाचा."

आधी मागच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच हसले. नॉर्मन तर डोळे पुसू लागला. "चार महिने काही मिळालं नाही की माणसाचं असं होतं," तो म्हणाला. वर्षभरात तो लॅकलनबद्दल पहिल्यांदाच मायेने बोलत होता. "घरी जा बाबा, झोप काढ."

"पुरावा नाही," हेक्टर म्हणाला. "चिटणीस निर्दोष आहेत. पुढचा विषय घ्या."

"निर्दोष?" लॅकलनचा चेहरा लालबुंद झाला. "कोण निर्दोष? मी गुन्हेगार आहे! विचारा पाद्रीसाहेबांना!"

सगळ्या माना वळल्या. मंडळाचे सभासद असलेले पाद्री मकास्किल सावकाश उभे राहिले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, पण दया करता येत होती. "मासा मी पाहिला," ते म्हणाले. "लहानसाच होता. असेल बाराएक पौंडांचा."

"बारा?" लॅकलन ओरडला. "पाद्रीसाहेब, चर्चमध्ये बोलता तसं खरं बोला!"

हेक्टरने टेबलावर मूठ आपटली. "हे बघा, नॉर्मन नुसता पाण्यात उभा होता, त्याला एक आठवडा बंदी झाली. बाराचा मासा म्हणजे दोन आठवडे. बस, मिटलं."

"आणि अठराचा असेल तर?"

"अठराचा असेल तर तीन होतील, लॅकलन. हंगाम चारच आठवडे उरलाय. विचार कर."

"तीन लिहा."

"पाद्रीसाहेब?" हेक्टरने विचारलं.

पाद्रींनी पाण्यात बुटापाशी पडलेला तो मासा आठवला. त्यांनी दोन्ही हात पसरले, मग आणखी थोडे पसरले आणि सुस्कारा सोडला. "अठरा," ते म्हणाले. "देव मला क्षमा करो, मला एकोणीसचा वाटला होता."

कार्यवृत्त लिहायचं काम चिटणिसाचं. पण लॅकलनने वही हेक्टरकडे सरकवली. "तू लिही. माझ्या हातचं कोण खरं मानणार?" हेक्टरने लिहिलं, पाद्रींनी साक्षीदार म्हणून सही केली. नॉर्मनने मजकूर दोनदा वाचला. त्याने चुलतभावाच्या पाठीवर हात ठेवला आणि मग आपली सही केली.

बुधवारी सकाळी लॅकलन टोपी घालून, काठी न घेता, पुलावर जाऊन उभा राहिला. बेकरीवाली सायकलवरून चालली होती. "काय लॅकलन, आज नदीवर नाही?"

"तीन आठवडे बंदी झालीय मला," तो म्हणाला आणि ती "कशाबद्दल?" असं विचारेल याची वाट बघत कठड्याला आरामात टेकला.