दोन छटा उजळ

'आमचे प्रवेशयंत्र कोणाचाही वर्ण पाहत नाही', असं संस्थेच्या दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं होतं. विधान तंतोतंत खरं होतं. यंत्र ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा तेवढा ताडून पाही. वर्ण पाहण्याचं काम त्याआधीच, दाराशेजारच्या फोटोच्या खोलीत, उरकलेलं असे.

नव्या प्राध्यापिकाबाई अकरा वर्षं परदेशी शिकवून परतल्या होत्या. त्या दिवशी दुपारी बाराच्या आत वरच्या मजल्यावरच्या नोंदवहीत रुजू झाल्याची सही केली नाही, तर नेमणूक रद्द होणार होती. अकरा वाजता त्यांनी नवंकोरं ओळखपत्र यंत्राला लावलं.

"चेहरा जुळत नाही," यंत्र म्हणालं.

बाईंनी फोटो निरखला. नाक त्यांचं होतं, चष्मा त्यांचा होता. कातडी मात्र कुणा सुखवस्तू मावसबहिणीची असावी.

"नुसत्या दोन छटा उजळ केल्यात, ताई," फोटोग्राफर अभिमानानं म्हणाला. "सगळ्यांच्याच करतो. तुमच्या तर जीव ओतून केल्या."

"मी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आपल्या माणसाचं एवढं कळतंच की!"

परदेशातल्या यंत्राला बाईंचा सावळा चेहरा दिसतच नसे. तिथला पहारेकरी तीनदा माफी मागून, हसतमुखानं, त्यांना दारातच उभं ठेवी. इथे माफी नव्हती, जिव्हाळा होता. दार मात्र दोन्हीकडे बंदच.

"दुसरा काढा. काहीएक न करता."

त्यानं काढला. पुन्हा मावसबहीणच अवतरली.

"सवयीनं हात जातो हो," तो ओशाळला. "आता तिसऱ्याला अधीक्षकांची सही लागेल."

तेवढ्यात घरून आत्याचा फोन आला. हकिकत ऐकून ती म्हणाली, "अगं, मग पावडर थाप की थोडी! तेवढ्यासाठी नोकरी घालवतेस?"

"फोटो बदलेल, आत्या. तोंड बदलणार नाही."

पावणेबाराला अधीक्षक खाली आले. बाहेर पडणाऱ्याला यंत्र अडवत नसे.

"रंग बदलल्याची तक्रार घेता येत नाही, बाई. आमच्याकडे रंग पाहतच नाहीत. पाटी वाचलीत ना?"

"दोनदा. मग यंत्र मला का अडवतंय?"

"तुमचा चेहरा चुकत असेल. यंत्र चुकत नाही." एवढं बोलून ते घाईनं इमारतीच्या मागच्या बाजूला वळले.

बाई वाट अडवून उभ्या राहिल्या. "वर जायचा रस्ता इकडून आहे, साहेब."

"मला जरा पाय मोकळे करायचेत."

"आधी कार्ड लावून दाखवा. यंत्र चुकत नाही ना?"

फोटोग्राफर खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. अधीक्षकांनी कपाळ पुसलं आणि कार्ड लावलं. त्यावर दुधात धुतलेला एक गृहस्थ मंद हसत होता.

"चेहरा जुळत नाही," यंत्र म्हणालं.

बारा वाजायला चार मिनिटं असताना दोघं यंत्र नसलेल्या मागच्या दारानं वर पोचले. बाईंनी सही केली. मग शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन अधीक्षकांच्या हातात दिलं. तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात आजही वाचायला मिळतं:

"बाईंचा चेहरा बरोबर असून फोटो चुकीचा आहे. माझाही तसाच असल्यामुळे यंत्र बसल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, मी मागच्या दाराने येतो. पाटीवरचा मजकूर माझाच आहे."