जुना कॉम्प्युटर पाटनला जातो

हिंदी मुलखातल्या चेरीताल मोहल्ल्यात राहणाऱ्या विनता देशकरांचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा झाला होता. सकाळी त्याचं बटण दाबून त्या कुकर लावायच्या. तिसऱ्या शिट्टीला पडदा उजळायचा. तो बदलावा की नाही, यावर घरात एकमत नव्हतं. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा अनिमेष फोनवर सांगे, "आई, हर चार साल में बदलना पड़ता है." नवरा मोहनराव म्हणत, "चालून राहिला ना? मग काहून बदलायचा?"

शेवटी विनतांनी मुलाचं ऐकलं. नवा आला आणि जुना धाकटे दीर विनय जवळच्या पाटन गावातल्या आपल्या खताच्या दुकानात घेऊन गेले.

नवा क्षणात सुरू झाला. विनता खूश झाल्या आणि त्यांनी मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाची फाइल उघडली. तीन महिने खपून टाइप केलेला अंक सोमवारी छापायला द्यायचा होता. अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी नुसते कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं होती.

"अहो, हे काय झालं?"

मोहनरावांनी चष्मा सावरून वाचायचा प्रयत्न केला. "मनोगत ना? मला दरवर्षी इतकंच समजते."

मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम नव्यावर चढेना, आणि त्याची सीडी केव्हाच हरवली होती. रविवारी विनतांनी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि पाटनची बस धरली.

युरियाच्या पोत्यांमागे जुना कॉम्प्युटर घुरघुरत होता. त्यावर अंक अक्षर न् अक्षर जागेवर दिसला. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या शेवटचं तपासायला बसल्या, पण त्यांची भराभर चालणारी बोटं पाहून एक गिऱ्हाईक पुढे सरकलं.

"दीदी, एक आवेदन टाइप कर दीजिए. पटवारी को देना है."

नाही म्हणवेना. एकाचे दोन झाले, दोनाचे नऊ. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा अर्ज सगळे झाले होते आणि अंक सहाव्या पानावर होता.

"भाऊजी, मी हा घेऊन चालली," विनता वायरी काढत म्हणाल्या.

"अच्छा? अन् माझं दुकान?"

"तुम्ही नवा घ्या. गाडी काढा, घरून आत्ताच देते."

विनय चाव्या शोधायला धावले.

दुसऱ्या दिवशी अंक छापायला गेला. अनिमेषचा फोन आला. "तो मग ठरलं ना, आई? दर चार साल?"

"ठरलं," विनता म्हणाल्या. "दर चार वर्षांनी बदलायचा. विनयकाकांचा."