शांतवनरावांचा मोठा आवाज

शांतवन गायकवाड गायचे ते गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता. बायकोने, मनीषाने, नव्या शेजाऱ्यांना द्यायला पाठवलं होतं. दार उघडंच होतं. आत एक उंचापुरा माणूस कमरेपर्यंत कपाटात शिरलेला. बाहेर दिसत होता फक्त पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि तालावर आपटणारी उजवी टाच. आतून विहिरीतून यावा तसा हुंकार. मला वाटलं, गृहस्थ अडकले. मी डबा खाली ठेवून लेंगा धरला आणि त्यांना बाहेर ओढलं.

ते शांतपणे बाहेर आले. मिशीला कापूस चिकटला होता.

"प्रभूची स्तुती असो," ते म्हणाले. "उपासना चालली होती. डब्यात काय आहे?"

ताइफ हे सौदीतलं डोंगरावरचं गाव. खाली जेद्दा भाजत असताना आमच्याकडे गोधडी लागते, त्यामुळे प्रत्येक घरात अशी कपाटं असतात. त्यांचा असा उपयोग मात्र मी दुसरीकडे पाहिला नाही. सौदीत आपली पूजाअर्चा, प्रार्थना जे काय असेल ते चार भिंतींत आणि हळू आवाजात करायचं, हे आम्ही सगळेच जाणून होतो. आमचा गणपतीसुद्धा टाळ्या न वाजवता बसायचा. शांतवनरावांना नियम मान्य होता. अडचण आवाजाची होती.

कारण हा माणूस मूळचा अकोल्याकडच्या डोंगरातला उपदेशक. विदर्भातलं अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले. पेंटेकोस्टल मंडळीचे पाळक. तिथे ढोलकी, टाळ्या, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, आत्मा उतरला की अन्यभाषेत, म्हणजे कोणालाच न येणाऱ्या भाषेत बोलणं. सगळंच मोकळ्या गळ्याने. वाडीवाडीने ते पेटी घेऊन गात फिरत. या डोंगरावर मी गीत धरलं की समोरच्या डोंगरावरून 'आमेन' यायचं, असं ते सांगत. त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी बरंच उरतं.

"अन्यभाषा अजून येते का?" मी एकदा विचारलं.

"येते," ते गंभीरपणे म्हणाले. "पण हल्ली मधूनच अरबांचं 'यल्ला यल्ला', 'चला चला' येतं. ते आत्म्याचं का दुकानातलं, ते कळत नाही."

दुकान घड्याळांचं होतं. बाजारात, अत्तरवाल्यांच्या शेजारी. शांतवनराव तिथे विक्री करत, पट्टे बदलत, सेल घालत. उपदेशाची सवय जिभेवरून जात नव्हती. दुरुस्त झालेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते चक्क मराठीत, डोळे मिटून म्हणायचे, "वेळ जवळ आली आहे." गिऱ्हाइकांना तो हिंदी लोकांचा आशीर्वाद वाटायचा. काही जण छातीवर हात ठेवून आभार मानायचे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर श्रीवर्धनचे इब्राहिमभाई राहत. शाळेची बस चालवायचे. शांतवनरावांची खोली त्यांच्या बरोबर डोक्यावर. महिनाभर सोसून ते एक दिवस वर आले. शांतवनरावांचा चेहरा उतरला. आता हे तक्रार करणार, असं मलाही वाटलं. इब्राहिमभाईंनी काखेतून जाड गालिच्याचा तुकडा काढून कपाटासमोर अंथरला.

"पास्टर, गाणं खाली येत नाय," ते म्हणाले. "टाच येते. माझा पंखा हलतो."

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. रमजानात शांतवनराव दिवसा त्यांच्यासमोर पाणीही पीत नसत, आणि नाताळात इब्राहिमभाई केक आणत. तो कशासाठी आणला, हे मात्र दोघेही मोठ्याने बोलत नसत.

कुठलंही संकट सांगा, शांतवनरावांचं उत्तर ठरलेलं. "आपला खरा कफील वर आहे." कफील म्हणजे ज्याच्या हमीवर परदेशी माणूस सौदीत राहतो तो मालक. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वेळेत झाला नाही, वर बघायचे. गीझर फुटला, वर बघायचे. प्लंबर मलाच बोलवावा लागायचा.

मग सौदीकरणाची लाट आली. आज या धंद्यात, उद्या त्या धंद्यात, दुकानाच्या काउंटरवर स्थानिक माणूसच हवा असे हुकूम निघू लागले. चष्म्यांचं झालं, मोबाइलचं झालं, आणि घड्याळांचंही झालं. मालक म्हातारे आणि भले होते. त्यांनी शांतवनरावांना थोडे दिवस मागच्या खोलीत दुरुस्तीला बसवून पाहिलं, पण ते टिकण्यासारखं नव्हतं. काउंटरवर एक हसतमुख पदवीधर आला. त्याला पट्टे बदलायला शांतवनरावांनीच शिकवलं. मला राग आला होता. त्यांना नव्हता.

"त्याचा देश, त्याचं दुकान," ते म्हणाले. "माझे डोंगर आहेत की तिकडे."

तरी त्या आठवड्यात ते नीट जेवत नव्हते. मनीषाने डबा पाठवला की तसाच परत यायचा. फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का बसला तेव्हा इब्राहिमभाई म्हणाले, माणूस असा नाय जायचा, एकदा तरी त्याला मोकळं गाऊ दे. पुढच्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही चौघे गाडी काढून अल शफाच्या डोंगरावर गेलो.

तिथे जुनिपरची झाडं, खोल दरी आणि माकडं. दुसरं कोणी नाही. समोर दुसरा डोंगर, अगदी शांतवनराव सांगायचे तसा. इब्राहिमभाईंनी दरीकडे हात केला.

"गा पास्टर. माकडं तक्रार करणार नायत."

शांतवनराव कड्याजवळ उभे राहिले. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

आवाज आला तो कपाटातला.

तेवढाच, तसाच, दबलेला. आमच्यापर्यंत जेमतेम पोहोचला. त्यांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. वरच्या स्वरावर गळा चिरकला आणि ते खोकत सुटले. तिसऱ्यांदाही तेच. एवढ्यात एक माकड आमची केळी घेऊन गेलं आणि कोणी त्याला हाकललंही नाही.

शांतवनराव दगडावर बसले. मनीषाने आल्याचा चहा पुढे केला. कप त्यांनी तसाच दगडावर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते.

त्यांच्या बायकोला, मार्थाबाईंना, संधिवाताने अंथरुणाला खिळवलं होतं. मार्थाबाईंची बहीण सगळं बघत होती. शांतवनरावांनी मार्थाबाईंच्या हातापायांवर हात ठेवून किती प्रार्थना केल्या, त्याला मोजमाप नाही. इतरांच्या घरची माणसं उठून बसली, असं तीच माणसं साक्ष देऊन सांगत. मार्थाबाई उठल्या नाहीत. मग मंडळीतल्याच कोणी तरी म्हटलं की पाळकाचाच विश्वास कमी पडतो. त्यांनी पेटी माळ्यावर ठेवली आणि औषधपाण्याची सोय व्हावी म्हणून घड्याळं विकायला आले.

"प्रभूने तिला बरं केलं नाही. का, ते मी विचारत नाही," ते म्हणाले. "पण आवाज तर माझा होता, देवरेसाहेब. आता तोही नसला तर मी त्या डोंगरात कोण म्हणून जाऊ?"

इब्राहिमभाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

शांतवनराव गेले. फोनवर बोलायचे, पण गाण्याबद्दल काही सांगत नसत आणि मी विचारत नसे. पुढच्या सुट्टीत नाशिकला गेलो तेव्हा एक दिवस काढून त्यांच्या गावी जाऊन आलो. गावात शिरताच लाउडस्पीकरवर उपासना ऐकू आली. आवाज कोवळा होता. मंडळीला नवा पाळक मिळाला होता.

शांतवनराव घरीच होते. मला पाहून कडकडून भेटले, बसा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. खिडकीशी खाटेवर मार्थाबाई पडून होत्या. बोटं वाकडी झालेली, चेहरा मात्र ताजा. माझी सगळी चौकशी त्यांनी केली, माझ्या मुलीच्या शाळेसकट. मग मी धीर करून विचारलं, की हे आता गात नाहीत का?

"गातात की," त्या म्हणाल्या. "रोज. पूर्वी वाडीवाडीने गात फिरायचे. मी इथे पडून ऐकायची, वारा इकडचा असला तर. नुसता आवाज यायचा मोठा."

"आणि आता?"

त्यांनी उशीजवळच्या खुर्चीकडे मान वळवली.

"आता इथे बसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाण्यातले शब्द मला आत्ता कळतायत."

शांतवनराव ट्रे घेऊन आले. खुर्चीत बसून त्यांनी चहा बशीत ओतला, हलकी फुंकर घातली आणि बशी मार्थाबाईंच्या ओठांशी धरली. माझा कप ट्रेमध्येच राहिला. चहा निवला तेव्हा त्यांना माझी आठवण झाली.