खरात सरांच्या गाडीचा टेप

खरात सरांच्या गाडीत माणूस बसायच्या आधी त्याचा मोबाईल बसतो. गिअरच्या पुढच्या खोबणीत धुतलेला, इस्त्री केलेला हातरुमाल अंथरलेला असतो. त्यावर मोबाईल ठेवायचा आणि मगच आपण दार ओढून घ्यायचं. पट्टाबिट्टा नंतर.

सर, आमचे हेडमास्तर आणि मी असे तिघं जालन्याहून टेंभुर्णीच्या शाळेत रोज अप-डाऊन करतो. गाडी सरांची, नियमही सरांचेच. ज्याची पुढच्या सीटवर बसायची पाळी, त्याचा फोन त्या दिवशी टेपला लागणार. आता गाडीत टेप कुठला राहिलाय? चांगला टीव्हीसारखा पडदा आहे. पण सरांच्या लेखी ज्यातून गाणं येतं तो टेप.

"आधी इंजन, मंग टेप, मंग पिन," हा क्रम. एकदा मी घाईत इंजिन सुरू व्हायच्या आधीच पिन खुपसली. सरांनी सगळं बंद केलं, किल्ली काढली, खाली उतरले, पुन्हा बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शाळेला उशीर झाला, पण हेडमास्तर मागच्या सीटवरच असल्यामुळे कुणी कुणाला बोलायचं हा प्रश्न आला नाही. मग पडदा विचारतो, या फोनला परवानगी द्यायची का? सर तो प्रश्न मोठ्यानं वाचतात आणि फोनच्या मालकाकडे बघतात. आपण तोंडानं हो म्हटल्याशिवाय बोट लावत नाहीत.

ब्लूटूथवर त्यांचा फार राग. म्हणतात, "हवेतल्या गोष्टीवर आपला भरोसा न्हाई मॅडम. वायर कशी, दोन्ही टोकं दिसतात. गाणंबी जातं आन् पोटालाबी मिळतं." पोटाला म्हणजे मोबाईलच्या. कुणाची बॅटरी लाल झालेली त्यांना बघवत नाही. पुढच्या कप्प्यात तीन वायरी गुंडाळून ठेवलेल्या असतात: जुनी पिन, नवी पिन आणि हेडमास्तरांची पिन. तसला महागाचा फोन आमच्या शाळेत दुसऱ्या कुणाकडे नाही.

त्या महागाच्या फोननं एकदा घात केला. टेपला लावला रे लावला की रात्री जे अर्धवट राहिलेलं असतं ते आपोआप वाजायला लागतं. राजूर येईपर्यंत आम्ही गंभीर चेहऱ्यानं, टकलावर कांद्याचा रस कसा चोळावा, ते ऐकलं. हेडमास्तर वायर ओढायला निघाले, तर सरांनी त्यांचा हात धरला. मधेच काढलं तर बॅटरीचं आयुष्य कमी होतं म्हणे. "ऐकून घ्या सर, ज्ञानच हे," असंही वर म्हणाले. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखल्या.

वरवर हसत होते खरी, पण ते वर्ष माझं काही बरं चाललं नव्हतं. वडील गेले आणि हसनाबादला आई एकटी राहिली. जालन्याला ये म्हटलं तर येत नव्हती. तेही एक वेळ चाललं असतं, पण तिनं बोलणंच सोडलं होतं. फोन केला की "हं", "बरं", "ठेव". शेजारच्या काकूंनी सांगितलं, चूल दोन-दोन दिवस पेटत नाही, चहात टोस्ट बुडवून खाते. वडिलांमागोमाग हीसुद्धा जाणार, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता. घरात, शाळेत, कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं.

एका सकाळी गाडीत तिचा फोन आला. पाळी माझी, फोन पिनला. मी वायर काढायला हात घातला, तसे सर डोळ्यांनीच नाही म्हणाले. आईचा बारीक आवाज गाडीभर झाला. जेवलीस का विचारलं, तर म्हणाली, काल खाल्लं काहीतरी.

"मावशी, काहीतरी म्हंजे काय?" सर समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "भाजीला नाव असतं की."

 आई आता ठेवणार, असं वाटत असताना तिनं विचारलं, "कोण बोलून राह्यलं?"

सरांनी सांगितलं, मी खरात, मॅडमच्या शाळेतला मास्तर, गाडीवाला. आणि लगेच स्वतःचं रडगाणं लावलं. एकटा माणूस, लग्नाचं राहूनच गेलं, हातानं करून खातो, पण पिठल्याच्या रोज गाठी होतात, काय करू?  आई म्हणाली, पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं. मग फोडणीचं म्हणाली, लसणाचं म्हणाली, आच बारीक ठेवायचं म्हणाली. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून एवढी सलग वाक्यं मी ऐकली नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत होते आणि हेडमास्तर मागून उगाच खोकत होते.

दुसऱ्या दिवसापासून हेडमास्तरांनी आपली पाळीही मलाच सोडली, आणि आईचा फोन बरोबर गाडीच्या वेळेला. सरांनी तक्रार केली, मावशी, पार पाणी झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता करपलं. आई अशी चिडली की काय सांगू! एवढा शिकलेला मास्तर आणि एक पिठलं येईना? शेवटी म्हणाली, थांब, मीच करून बघते आज, पाणी किती लागतं ते नीट सांगते. अशी आमच्या आईची चूल पेटली. मग धपाटे झाले, मग शेंगदाण्याची चटणी. सरांना यातलं काही म्हणजे काही जमेना.

एकदा सर पंपावर पेट्रोल भरायला उतरले होते, तेव्हा मी हेडमास्तरांना म्हटलं, बिचाऱ्यांचे जेवणाचे फार हाल होतात हो. हेडमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "अहो शिंदे मॅडम, यांची आई अंथरुणावर होती तेव्हा दोन्ही वेळचा स्वयंपाक हेच करायचे. यांच्या हातचं पिठलं मी बोटं चाटून खाल्लंय." सर परत आले, इंजिन लावलं, टेप लावला, माझ्या फोनची पिन नीट बसलीय का ते बघितलं.  सख्ख्या भावानं केलं नसतं ते या माणसानं केलं होतं, आणि आभार मानायला गेले असते तर त्यांनी नक्की वायरीचाच विषय काढला असता.

दिवाळीच्या सुट्टीत मी हसनाबादला जाऊन आले. आई अंगानं भरली होती. निघताना तिनं सरांसाठी धपाट्यांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

घराला बाहेरून कडी. सर अंगणातल्या गाडीत बसलेले, इंजिन चालू, रुमालावर त्यांचाच मोबाईल पिनला लावलेला, मांडीवर ताट. काच थोडी खाली होती. आतून आईचा आवाज येत होता, चारी बाजूंनी, ती शेजारीच बसल्यासारखा.

"सुट्टी लागली की घरात आवाजच नसतो, मावशी," सर म्हणत होते. "आई होती तवा ताटावर कुणीतरी बोलायचं. आता घास उतरत न्हाई."

"मंग फोन ठेवू नको," आई म्हणाली. "थांब, मीबी माझं ताट घेते."

भांड्यांचा आवाज आला. सर घास हातात धरून थांबले होते. ती पुन्हा येऊन बसल्यावर त्यांनी तो तोंडात घातला.

काचेवर टकटक करायला उचललेला हात मी खाली घेतला आणि डबा पोटाशी धरून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. दोघांचं जेवण व्हायचं होतं.